बेस गिटारसाठी पेडलबोर्ड कसा निवडायचा आणि पेडलं कोणत्या क्रमाने लावायची?

तुमच्याकडे ट्यूनर, कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारा), ऑक्टेव्हर (खालच्या सप्तकातला सूर जोडणारा), फझ (आवाज फाटका करणारा), कोरस (आवाज लहरता, जाड करणारा) आणि डिले (प्रतिध्वनी देणारा) अशी सहा पेडलं, म्हणजे पायानं दाबायच्या आवाजाच्या पेट्या, जमली आहेत आणि तुम्ही पहिलाच बोर्ड घेताय. केवढा घ्यावा, क्रम काय लावावा आणि एकाच अ‍ॅडॉप्टरवर सगळी चालतील का, असं विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘आमचा गिटारवाला म्हणतो, बेसला पेडलं हवीतच कशाला?’ खरं सांगतो, मी लिहायला बसलोय ते या शेवटच्या वाक्यामुळे.

हे वाक्य मी अकरा वर्षं माझ्या स्वतःच्या बँडच्या गिटारवाल्याच्या तोंडून ऐकतोय. त्याच्या स्वतःच्या पायाशी नऊ पेडलं असतात, त्यातली तीन डिले. पण मी फझ दाबला की ह्याच्या कपाळाला आठ्या. त्याचा ठरलेला मुद्दा म्हणजे मोटाउनच्या गाण्यांचा बेसिस्ट जेम्स जेमरसन. प्रिसिजन बेस, जुन्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, उजव्या हाताचं एक बोट आणि केबल थेट मिक्सरमध्ये. त्याला कुठे लागली पेडलं? माझं ठरलेलं उत्तर फंकवाला बेसिस्ट बूट्सी कॉलिन्स. म्यू-ट्रॉन थ्री हा फिल्टर १९७२ साली आला आणि बूट्सीनं तो बेसला असा लावला की फंकचा बेस म्हटलं की कानात तोच बोलका ‘वॉव वॉव’ आवाज येतो. वाद इथेच अडायचा, कारण समोरचा खोटं बोलत नाही हे दोघांनाही माहीत असायचं.

मग तो कार्यक्रम झाला. बोर्ड नवाकोरा होता, दोन आठवडे खपून बांधलेला. साउंडचेकला उशीर झाला होता. साउंडवाल्यानं घाईत एक डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल हॉलच्या मिक्सरकडे पाठवणारी पेटी, हातात दिला. मी बेसची केबल त्यात खुपसली, त्याच्या ‘थ्रू’मधून (सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणाऱ्या जॅकमधून) बोर्ड, बोर्डातून माझा अ‍ॅम्प. आवाज आला, मी अंगठा दाखवला. थोडक्यात, डीआय माझ्या बोर्डाच्या आधी बसला. हॉलमध्ये जाणारा बेस पेडलांना न शिवताच जात होता आणि स्टेजवर मात्र अ‍ॅम्पमधून सगळं झकास ऐकू येत होतं. फझ दाबला तेव्हा ड्रमर माझ्याकडे बघून हसला, मीही मान उडवली. दीड तास मी आमच्या चौघांपुरतीच पेडलं दाबत होतो.

हे कळलं तीन दिवसांनी, मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकताना. सगळे एकत्र बसून ऐकत होतो, हे आणखी वाईट. फझचं गाणं लागलं. बेस कोरा. आणि गाणं चांगलं वाटत होतं. किक ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला बेस असा चिकटला होता की आधीच्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये तसा बसला नव्हता. गिटारवाला काही बोलला नाही. त्यानं नुसता आवाज वाढवला.

दहा मिनिटांनी ऑक्टेव्हरचं गाणं आलं. तिथे मी ए तारेच्या बाराव्या फ्रेटभोवती वाजवतो. तो सूर ११० हर्ट्झचा. ऑक्टेव्हर त्याच्याखाली ५५ चा भरतो आणि मूळ सूर मी जवळजवळ बंद ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये ते ५५ नव्हतेच. गाण्याचा तळच गेला होता, गिटारच्या जोडीला आणखी एक बारीक गिटार असल्यासारखं वाटत होतं. या वेळी आवाज मी वाढवला.

तेव्हापासून त्याच्याकडे एक पुरावा आहे आणि माझ्याकडे एक.

त्याचा पुरावा का खरा ठरला ते मला कळायला बराच काळ गेला, आणि तुमच्या कामाचं तेच आहे. गिटारची खालची ई ८२ हर्ट्झवर असते, आपली ४१ वर. गिटारसाठी बनवलेले बरेच फझ आणि ओव्हरड्राइव्ह खालचा भाग कापून टाकतात, कारण गिटारला तो नकोच असतो. बिग मफ या गाजलेल्या फझच्या जातीच्या सर्किटमध्ये तर मधला पट्टाही खोलगट होतो. घरी एकट्यानं वाजवताना हा आवाज राक्षसासारखा वाटतो. बँडमध्ये गेलात की गिटार, गाणारा आणि स्नेअर तुमचा उरलेला भाग खाऊन टाकतात आणि तुमचा ठोका कुठे पडतोय तेच कळेनासं होतं. म्हणून सांगतो, बेसिस्टनं ब्लेंडचं (कोरा आणि फझचा आवाज किती-किती मिसळायचा ते ठरवणारं) बटण नसलेला फझ घेऊ नये. तुमचा तसा असेल तर विका, किंवा कोरा सिग्नल वेगळा काढून नंतर मिसळणारं लूपर-ब्लेंडर पेडल घ्या. मी आता साठ टक्के कोरा ठेवतो. मागच्या कार्यक्रमानंतर आमचा गिटारवाला म्हणाला, ‘आज फझ नव्हता ना? बरं वाटलं.’ होता.

आता क्रम. ट्यूनर पहिला. मग ऑक्टेव्हर की कॉम्प्रेसर यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी कॉम्प्रेसर आधी लावतो, कारण अ‍ॅनालॉग ऑक्टेव्हर तारेच्या लहरी मोजून त्यांची निम्मी संख्या बनवतो. त्याला एका वेळी एकच सूर आणि न डगमगणारा सिग्नल लागतो, आणि सिग्नल स्थिर करायचं काम कॉम्प्रेसर करतो. ई तारेच्या खालच्या फ्रेटांवर तो अडखळतोच, टोनचं बटण थोडं खाली आणून नेक पिकअपवर गेलात तर कमी अडखळतो. फझ ऑक्टेव्हरच्या नंतर. उलट लावलंत तर ओव्हरटोन्सनी भरलेला आवाज मोजताना ऑक्टेव्हर गडबडतो (ती गडबडच हवी असेल तर जरूर लावा, मजा येते). मग कोरस, मग डिले. पुढे कधी बूट्सीसारखा फिल्टर घेतलात तर तो मात्र कॉम्प्रेसरच्या आधी, कारण तो बोटाच्या जोरावर उघडतो आणि कॉम्प्रेसर नेमका तो जोरच सपाट करतो. कॉम्प्रेसरचा अ‍ॅटॅक (सूर आल्यावर तो किती लवकर दाबायला लागतो) फार जलद ठेवू नका, बोटाचा ठोका मरतो.

आणि या सगळ्याच्या शेवटी एक्सएलआर आउट (मिक्सरकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या केबलचा जॅक) असलेला प्रीअ‍ॅम्प किंवा डीआय, तुमचा स्वतःचा, बोर्डावरच पक्का बसवलेला. सातवं पेडल झालं म्हणून कुरकुर करू नका. साउंडवाल्याला तुमच्या हातानं तीच केबल द्या आणि साउंडचेकला फझ आणि ऑक्टेव्हर दाबून समोरच्या स्पीकरमधून ऐकू येतंय का ते हॉलमध्ये कुणाला तरी उभं करून विचारा. अ‍ॅम्पच्या मागचं ‘प्री-पोस्ट’ बटण ही वेगळी गोष्ट आहे. अ‍ॅम्पमधून मिक्सरकडे जाणारा सिग्नल ईक्यूच्या (बेस-ट्रेबलच्या बटणांच्या) आधी घ्यायचा की नंतर, एवढंच ते ठरवतं. पेडलं अ‍ॅम्पच्या आधी लावलेली असली की ‘प्री’ असो वा ‘पोस्ट’, ती ऐकू येतातच.

अ‍ॅडॉप्टरबद्दल. ट्यूनर, कॉम्प्रेसर, फझ एकाच अ‍ॅडॉप्टरच्या फाटे फुटलेल्या वायरच्या साखळीवर बहुतेक वेळा चालतात. तुमचा डिले डिजिटल असेल तर तो त्या साखळीत घालू नका, बारीक किणकिण येते आणि ती शोधता शोधता आयुष्य जातं. जमत असेल तर आयसोलेटेड आउटपुट असलेला, म्हणजे प्रत्येक पेडलाला इतरांपासून अलग वीज देणारा, सप्लायच घ्या. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, मिलिअँपिअर पेडलाच्या गरजेपेक्षा जास्त असले तरी बिघडत नाही. बहुतेक पेडलं ९ व्होल्टची आणि मधला पिन निगेटिव्ह, पण काही जुन्या घडणीचे जर्मेनियम फझ पॉझिटिव्ह ग्राउंडचे असतात. ते बाकीच्यांच्या साखळीत लावलंत की शॉर्ट.

बोर्ड केवढा? बॉसचं साधं पेडल ७३ मिलिमीटर रुंद असतं. तशी सहा आणि मध्ये वाकड्या जॅकसाठी अडीच-तीन सेंटिमीटर धरलेत तर साठ सेंटिमीटरच्या आत एका रांगेत बसतात. वर सांगितलेल्या डीआयसाठी आणखी जागा ठेवा. मला दोन रांगांचे बोर्ड आवडत नाहीत. मागच्या रांगेतलं दाबायला गेलो की पुढचंही दबतं. पण माझा पाय मोठा आहे.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमचा फझ जुन्या पद्धतीचा असेल तर त्याला पिकअपचा सिग्नल थेट हवा असतो, आधी बफर (सिग्नल भक्कम करणारं सर्किट, पुष्कळ ट्यूनरमध्येही असतं) आला की आवाज करकरीत होतो. मग तो ट्यूनरच्याही आधी लावून बघा. क्रम बिघडेल, ऑक्टेव्हर रुसेल, काय जास्त प्यारं ते तुम्ही ठरवा. आणि वर जे ब्लेंडर पेडल सांगितलं, ते वापरताना लक्षात ठेवा की काही फझ सिग्नलचा फेज उलटा करतात, म्हणजे लहर वर जायची तिथे खाली जाते. ब्लेंड मध्यावर आणल्यावर खालचा आवाज वाढायच्या ऐवजी गायब झाला तर हेच झालंय, फेजचं बटण असलेलंच ब्लेंडर घ्या.

तुमच्या गिटारवाल्याला फझचा भाग वाचून दाखवू नका. ऑक्टेव्हरचा जरूर दाखवा.