मुलाचं नाव कोणत्या असोसिएशनमध्ये घालायचं?

निवड चाचण्यांचे दिवस जवळ आले की माझ्याकडे पालकांची पत्रं वाढतात. फलंदाजी-गोलंदाजीबद्दल त्यात क्वचितच काही असतं. असतात ते दाखले, नोंदणी, हद्द आणि स्पर्धांचे प्रश्न. जिल्हा पातळीवर निवड समितीत आणि कागदपत्रं तपासणाऱ्या टेबलावर बरीच वर्षं बसल्यामुळे हे प्रश्न मला पाठ झालेत. तरी दर हंगामात तोच गोंधळ नव्या घरांत शिरतो आणि त्यात एखाद्या चांगल्या मुलाचं वर्ष वाया जातं. म्हणून काही पत्रांना इथे एकत्र उत्तरं देतो.

आम्ही बुलढाण्याचे. मुलगा सोळा वर्षांखालच्या गटात येतो. महाराष्ट्राच्या संघासाठी त्याला पुण्याला चाचणीला न्यावं का?

नाही. तुमचा जिल्हा विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे येतो. आधी बुलढाण्यातल्या जिल्हा संघटकांना भेटा, मग नागपूर.

अकोला आणि वाशीमहूनही हेच विचारणारी पत्रं आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. राज्य एक असलं तरी बीसीसीआयच्या सदस्य संघटना इथे तीन आहेत. विदर्भाचे अकराही जिल्हे नागपूरकडे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि डहाणूच्या बाजूचा पट्टा मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, नाशिक-नगर, मराठवाडा आणि रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचं कोकण पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. रणजी करंडकात तिघांचे संघ वेगळे उतरतात. 2023-24 चा अंतिम सामना वानखेडेवर मुंबई आणि विदर्भ यांच्यातच झाला आणि मुंबईने 42 वं विजेतेपद मिळवलं. पुढच्याच हंगामात विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक नेला. महाराष्ट्राच्या नावावर दोन विजेतेपदं आहेत, 1939-40 आणि 1940-41 ची, दोन्ही दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. तेव्हा विदर्भातल्या मुलाला नागपूरकडून खेळणं कमीपणाचं वाटत असेल, तर तो गैरसमज आजच काढून टाका.

लोढा समितीनंतर तिन्ही संघटनांची मिळून एकच होणार, असं आमच्या क्लबात सगळे म्हणतात. मग आत्ता नोंदणी करून उपयोग काय? (नाशिक)

क्लबात सगळे म्हणतात, एवढ्यावर नोंदणी थांबवू नका. लोढा समिती सर्वोच्च न्यायालयाने बीसीसीआयच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी नेमली होती आणि वाद तिच्या 'एक राज्य, एक मत' या तत्त्वाचा होता. बीसीसीआयमध्ये मत कुणाला, एवढाच तो प्रश्न. मुलांचे संघ एकत्र करण्याचा विषयच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2018 च्या निकालात महाराष्ट्रातल्या तिन्ही आणि गुजरातमधल्या तिन्ही संघटनांचं पूर्ण सदस्यत्व मान्य केलं. इतकी वर्षं लोटली तरी ही अफवा फिरते आहे आणि तिच्या भरवशावर लोक तारखा चुकवतात. नाशिक जिल्हा संघटनेत जा आणि अर्ज भरा.

घर पनवेलला, शाळा नवी मुंबईत. मुलगी तेरा वर्षांची आहे. मुंबई की महाराष्ट्र?

तुमचं घर नेमकं हद्दीवर आहे, त्यामुळे मी इथे बसून निवाडा देणार नाही. दोन्ही असोसिएशनना ई-मेल करा. घराचा पत्ता, शाळेचा पत्ता, जन्मस्थान आणि ती सध्या कुठल्या मैदानावर खेळते हे त्यात लिहा आणि लेखी उत्तर मागा. ते उत्तर जपून ठेवा. फोनवर कुणी 'चालून जाईल' म्हणालं तर ते धरून चालू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्हीकडे एकदम नाव घालू नका.

पात्रता केवळ जन्मावर ठरत नाही. वास्तव्य आणि शिक्षणही पाहिलं जातं. स्मृती मानधनाचा जन्म मुंबईचा, पण ती वाढली आणि खेळली सांगलीत, म्हणून तिचा संघ महाराष्ट्राचा झाला. 2013 मध्ये एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात गुजरातविरुद्ध तिने केलेलं नाबाद द्विशतक महाराष्ट्राकडूनच होतं.

टेनिस बॉलच्या स्पर्धांतली बक्षिसं निवडीसाठी धरतात का?

नाही.

आम्ही सावंतवाडीचे. मुलाची मावशी म्हापशाला असते. तिच्या पत्त्यावर आधार कार्ड करून गोव्याकडून खेळवावं, असा सल्ला एका प्रशिक्षकांनी दिला. चुरस तिकडे कमी, म्हणतात.

हा सल्ला मानू नका. गोवा क्रिकेट असोसिएशन स्वतंत्र आहे आणि 1985-86 पासून गोव्याचा संघ रणजी खेळतो. तुमचा मुलगा खरोखर गोव्यात राहून शिकणार असेल तर किती काळाचं वास्तव्य लागतं आणि कुठले पुरावे चालतात, हे त्यांच्या कार्यालयाला विचारा. नियम बदलत असतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. फक्त पत्ता बदलायचा आणि मुलगा सावंतवाडीतच ठेवायचा, याला खोटा रहिवास म्हणतात. 2020 मध्ये बीसीसीआयने त्यासाठी दोन वर्षांची बंदी जाहीर केली. त्या वेळी वयाची खोटी नोंद स्वतःहून कबूल करणाऱ्यांना माफीची संधी दिली होती, ती खोट्या रहिवासाला लागू नव्हती.

मोठे खेळाडू संघ बदलतात ते उजळ माथ्याने, आपल्या असोसिएशनकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन. अर्जुन तेंडुलकर असाच मुंबईहून गोव्याकडे गेला. यशस्वी जयस्वालने 2025 मध्ये गोव्यासाठी असं प्रमाणपत्र मागितलं आणि नंतर विचार बदलून मुंबईकडेच राहण्याची परवानगी मागितली. दोन्ही वेळी व्यवहार कागदावर आणि सगळ्यांसमोर झाला.

मुलगा पंधरा वर्षांचा, अंगाने लहान आहे. अकादमीतले सर म्हणतात, नवा जन्मदाखला काढून वय दोन वर्षांनी कमी करा, सगळेच करतात. काय करावं? (छत्रपती संभाजीनगर)

अकादमी बदला.

या पत्राला मी मोठं उत्तर देणार आहे, कारण माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात जास्त मुलं याच एका गोष्टीने खेळातून गेली आहेत.

आधी व्यवहाराचं बोलू. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटल्यावर करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्यावर जन्मतारखेबरोबर नोंदणीची तारीखही छापलेली असते आणि तपासणारा माणूस आधी तीच वाचतो. मुलगा आठवीत असताना नोंदवलेला जन्म टेबलावर आला की लगेच शाळेचं जनरल रजिस्टर, पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज आणि आधारची नोंद मागवली जाते. यातली एक तारीख जुळली नाही की विषय संपला. 2020 च्या नियमांत बीसीसीआयने असंही सांगितलं की जन्मानंतर दोन वर्षांहून उशिरा नोंद झाली असेल, तर एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धांत किती वर्षं खेळता येईल यावर मर्यादा येईल. सोळा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी नोंदणीही 14 ते 16 या वयातच. शिवाय डाव्या मनगटाचा एक्स-रे असतोच. हाडांची वाढ किती झाली हे त्यात दिसतं आणि तिथे दाखला मदतीला येत नाही. पकडला गेला तर दोन वर्षांची बंदी. पंधरा ते सतरा ही दोन वर्षं गेली, तर सोळा वर्षांखालचा विजय मर्चंट करंडक हुकतो आणि एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाची तयारीही मोडते.

आता त्याहून महत्त्वाचं. तुमच्या मुलाला खोट्या तेराव्या वर्षी जी जागा मिळेल, ती खऱ्या तेरा वर्षांच्या कुणाची तरी असेल. तो मुलगा माण किंवा मंठ्याहून एसटीने येतो, चाचणीत त्याला दोन चेंडू पुरतात न पुरतात आणि 'अजून ताकद नाही' असं ऐकून परत जातो. दोन वर्षांनी ताकद येते, पण तोवर त्याने बॅट ठेवून दिलेली असते. किती गुणी मुलं अशी गेली याची नोंद कुठल्याच असोसिएशनकडे नाही.

आणि तुमच्या मुलाचं काय होतं? लहान मुलांना जोरात चेंडू टाकून विकेट मिळत राहतात, म्हणून तो स्विंग शिकत नाही, टप्पा शिकत नाही. एकोणीस वर्षांखालच्या संघात पोचल्यावर बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि त्याच्याकडचं हत्यार संपतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर, पासपोर्टवर, पुढे नोकरीत तीच खोटी तारीख जन्मभर वागवावी लागते. घरात आईवडिलांनीच खोटं शिकवलं, हे त्याला कळतं. 2015 च्या पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांनी वयचोरी या विषयावर मुद्दाम आणि कडक शब्दांत सांगितलं होतं. प्रत्येक अकादमीच्या दारात ते भाषण लावावं असं मला फार वाटतं.

लहान चणीचा मुलगा ही अडचणच नाही. सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर दोघेही उंचीने कमी. तुमच्या मुलाची वाढ खरंच मागे वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दाखल्यात आधीच काही चूक असेल, अगदी प्रामाणिक टायपिंगची सुद्धा, तर वकिलाशी आणि असोसिएशनशी लेखी बोलून ती खेळायच्या आधी दुरुस्त करा. निवड झाल्यावर केलेल्या दुरुस्तीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

खासगी लॅबमध्ये हाडांची चाचणी करून रिपोर्ट जोडला तर?

उपयोग नाही. चाचणी असोसिएशन आणि बीसीसीआय सांगतील तेव्हा, सांगतील तिथेच होते. उगाच मुलाला एक्स-रे काढायला नेऊ नका.

व्हॉट्सॲपवर 'राज्य संघ निवड, मर्यादित जागा' असा मेसेज आला. क्यूआर कोडवर पैसे भरायचे आहेत. दुसऱ्या एकाने ईशान्येकडच्या राज्यातून रणजी खेळवतो म्हणून मोठी रक्कम मागितली. खरं असतं का? (कोल्हापूर)

पैसे भरू नका. भरले असतील तर मेसेज, पावती आणि नंबर घेऊन पोलिसांत जा.

महाराष्ट्राच्या संघाकडे जाणारी वाट ठरलेली आहे. जिल्ह्याची चाचणी, जिल्ह्याचा संघ, मग असोसिएशनची इन्व्हिटेशन लीग. या लीगमध्ये जिल्ह्यांचे संघ आणि पीवायसी, डेक्कन जिमखाना, पूना क्लब यांसारखे पुण्यातले क्लब एकमेकांशी खेळतात. तिथल्या धावा आणि विकेट पाहून निवड समिती संभाव्य खेळाडू बोलावते. या वाटेवर पैसे देऊन मिळणारी 'मर्यादित जागा' कुठेच नाही. नोंदणीचं अधिकृत शुल्क असलं तर त्याची असोसिएशनच्या नावाची पावती मिळते.

दुसरा प्रकार जास्त घातक आहे. 2018-19 पासून मणिपूर, मेघालय, मिझोराम, नागालँड, सिक्कीम, अरुणाचल असे नवे संघ रणजीत आले आणि त्यांच्या नावाने दलाल फिरू लागले. पैसे जातातच, वर खोट्या रहिवासाचे कागद तुमच्या मुलाच्या नावाने तयार होतात. पैसे घेणारा नाहीसा होतो आणि बंदी मुलाला भोगावी लागते.

'नॅशनल', 'इंडियन', 'फेडरेशन' असे शब्द लावून भरवलेल्या खासगी स्पर्धांची प्रमाणपत्रं घेऊन येणारे पालकही पुष्कळ आहेत. निवडीत त्यांना किंमत नाही. नोंदणी झालेला मुलगा मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरला तर अडचणीतही येऊ शकतो. सहभागाआधी जिल्हा संघटनेला विचारा. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी कुठलं प्रमाणपत्र चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकारी सांगतील.

एमपीएल खेळला की मुलगा थेट आयपीएलमध्ये दिसतो ना? मग चार दिवसांचे सामने कशाला?

थेट काही होत नाही. महाराष्ट्र प्रीमियर लीग 2023 मध्ये गहुंज्यात सुरू झाली. पहिली दोन्ही विजेतेपदं रत्नागिरी जेट्सनी घेतली. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने पहिल्याच हंगामात झंझावाती शतक ठोकलं, त्याच वर्षी लखनौने त्याला घेतलं आणि 2024 चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषकही तो खेळला. एवढी एक गोष्ट लोक लक्षात ठेवतात. ज्यांना संघमालकांनी घेतलंच नाही, त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दिवसभर फलंदाजी करायला शिकावं. ते जमलं की वीस षटकांचं गणित प्रशिक्षक शिकवतील.

आमच्या तालुक्यात मुलींचा संघच नाही. मुलगी बारा वर्षांची आहे. (लातूर)

तिला मुलांबरोबर सराव करू द्या. तिच्या सुरक्षिततेबद्दल प्रशिक्षकांशी स्पष्ट बोला आणि लातूर जिल्हा संघटनेला आत्ताच पत्र द्या. मुलींसाठी बीसीसीआयच्या पंधरा वर्षांखालच्या गटापासून स्पर्धा आहेत. तालुक्यात संघ नाही म्हणून जिल्ह्याच्या चाचणीत तिला कुणी नाकारू शकत नाही. जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार आणि फोटो यांची फाईल आजच करून ठेवा.

नोंदणीची तारीख गेली. ओळखीने काही होईल का?

ओळखीच्या मागे लागू नका. उद्या सकाळी जिल्हा सचिवांना भेटा, उशिराचे अर्ज घेतात का ते विचारा आणि नसतील घेत तर पुढच्या हंगामाच्या तारखा लिहून आणा. तोवर मुलाला क्लबचे सामने खेळू द्या आणि प्रत्येक सामन्याच्या स्कोअरशीटची प्रत जवळ ठेवा.