आवाजावर चालणारा सापशिडीचा पट आर्डुइनो उनोवर बनेल का? मराठी आज्ञा ओळखेल का?

उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवर नाही. १६ किलोहर्ट्‌झने, १६ बिटमध्ये घेतलेला एका सेकंदाचा आवाज ३२,००० बाइटचा होतो आणि नेहमीच्या उनोची (आर३) रॅम जेमतेम २ केबी. ईएसपी३२-एस३ हा जास्त ताकदीचा बोर्ड घ्या, शक्यतो ८ एमबी पीएसरॅम (जादा मेमरी) असलेला. तो बनवणाऱ्या एस्प्रेसिफच्या तयार आज्ञा-ओळख संचात चिनी आणि इंग्रजी आहे, मराठी नाही. म्हणून एज इम्पल्स या वेबसाइटवर नमुने देऊन आवाज ओळखणारं आपलं छोटं मॉडेल शिकवायचं. ते जमतं. अडतं ते शब्दांच्या निवडीवर, आणि त्याचाच विचार आधी करा.

नुसती 'टाक' ही आज्ञा ठेवू नका. या पटात प्रत्येक घराखाली एक दिवा आणि पेटलेला दिवा हीच सोंगटी; तो घराघरातून सरकायला लागला की सगळे मोठ्याने मोजतात, आणि एवढ्याशा मॉडेलला 'एक' आणि 'टाक' यांत फार फरक दिसत नाही. 'थांब'ही नको, तो तर खेळताना कुणीही कुणालाही म्हणतं. 'फासा टाक' आणि 'नवा डाव' या दोनच आज्ञा पुरतात. दोन्ही एका सेकंदात बसतात आणि उच्चारात एकमेकींपासून दूर आहेत.

मॉडेलला चार गट द्या: या दोन आज्ञा, 'गोंगाट' आणि 'इतर'. खरी मेहनत 'इतर'मध्ये आहे. एक ते सहा आकडे, 'साप', 'शिडी', खेळणाऱ्यांची नावं, हसणं, आणि नुसतं 'फासा' व नुसतं 'टाक' हे सगळं त्यात हवं. गोंगाटात पंखा, टीव्ही, मिक्सर. प्रत्येक आज्ञेचे शंभरेक नमुने चार-पाच जणांकडून घ्या, लहान मुलं धरून, एक फुटापासून पाच फुटांपर्यंत. रेकॉर्डिंग फोनवर करू नका. फोन आवाज आपणहून साफ करतो, पटातला माइक करत नाही. मग संगणकावर ९५ टक्के अचूक ठरलेलं मॉडेल पटावर गप्प बसतं.

माइक आयएनएमपी४४१ हा छोटा डिजिटल माइक. त्याला ३.३ व्होल्टच द्या. एल/आर पिन ग्राउंडला जोडा, मोकळी सोडली तर डावा-उजवा चॅनेल भरवशाचा राहत नाही. आवाज आत जायचं छिद्र धातूच्या डबीवर नसून पाठीमागे, पीसीबीला (सर्किटच्या पाटीला) आहे. अनेक जण नेमकी तीच बाजू गोंदाने चिकटवतात आणि मग कोडमध्ये चूक शोधत बसतात. पटाच्या कडेला ३ मिमीचं भोक पाडून छिद्र त्यावर बरोबर आणा. नमुने ३२ बिटमध्ये वाचा, १४ बिट उजवीकडे सरकवा आणि १६ बिटांच्या मर्यादेत छाटा. १६ बिट सरकवले तर लांबून बोललेलं फार क्षीण येतं. काहीही ठेवा, पण शिकवताना आणि खेळताना एकच ठेवा.

दिव्यांसाठी मीटरला ३० एलईडी असलेली डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (तिचा प्रत्येक दिवा वेगळा पेटवता येतो). दोन दिव्यांतलं अंतर ३.३ सेंमी, म्हणजे पट साधारण ३३ सेंमीचा. दहा-दहाचे दहा तुकडे नागमोडी जोडा. सापशिडीची घरंही नागमोडीच मोजतात, त्यामुळे घर क्रमांक वजा एक हाच दिव्याचा क्रमांक, वेगळं कोष्टक लागत नाही. घरांमध्ये सेंटिमीटरभर उंच पुठ्ठ्याच्या भिंती आणि वर बटर पेपर, नाहीतर शेजारची घरंही उजळतात.

पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे शंभरांना ६ अँपिअर. आपल्याला तेवढा उजेड लागतच नाही. फास्टएलईडी लायब्ररीत १,५०० मिलिअँपिअरची मर्यादा घाला, ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर चालेल. पट्टीच्या तोंडाशी १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर. ५ व्होल्टवर या दिव्यांना साडेतीन व्होल्टचा सिग्नल हवा आणि ईएसपी३२ देतो ३.३, म्हणून मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ चिप बसवा. त्याच्याशिवाय कधी चालतं, कधी दिवे वेडेवाकडे लुकलुकतात.

कोडमध्ये सोंगटी सरकवताना डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरू नका. तेवढ्या वेळात माइकचा बफर भरून वाहतो आणि शब्दाचा अर्धा भाग हरवतो. आवाज वाचणं प्रोसेसरच्या एका कोअरवर, खेळ दुसऱ्यावर. दर पाव सेकंदाला ओळख करा, लागोपाठ दोनदा एकपैकी ०.८च्या वर गुण आले तरच आज्ञा माना, आणि मग दीड सेकंद कान बंद. सोंगटी सरकत असताना 'फासा टाक' सरळ दुर्लक्षित करा. चुकून पडणारे बरेच फासे एवढ्यानेच थांबतात. स्पीकर लावलात तर तो वाजत असतानाही ओळख बंद ठेवा, नाहीतर पट स्वतःचंच ऐकून खेळतो.

आणि 'नवा डाव' ऐकल्याबरोबर पट पुसू नका. चारही कोपरे तांबडे लुकलुकू द्या, पाच सेकंदांत तेच पुन्हा ऐकू आलं तरच नवा डाव मांडा. ९७ व्या घरावर पोचलेल्या मुलाचा डाव टीव्हीच्या आवाजाने मोडला, तर ते मूल त्या पटाला पुन्हा हात लावणार नाही.