हामिद बालिश की बालसुलभ?

एका ताईंचा प्रश्न असा: मुलाने परीक्षेच्या तयारीसाठी प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या हिंदी कथेचं मराठीत रसग्रहण लिहिलं. त्यात ‘हामिदचा बालिश स्वभाव मनाला भिडतो’ असं वाक्य होतं. बाईंनी ‘बालिश’खाली लाल रेघ मारली. ‘बालिश म्हणजे बाळासारखा, मग चुकलं काय?’ असं तो विचारतो.

ताई, बाईंची रेघ योग्यच आहे. ‘बालिश’मध्ये बाळ आहे खरं, पण कौतुक नाही. संस्कृतातही या शब्दाला तोच वास होता. अमरकोशात मूढ आणि मूर्ख यांच्याच ओळीत ‘बालिश’ येतो. मराठीत आपण बालिश म्हणतो तो मोठ्या माणसाचा हट्ट, बालिश म्हणतो ते पोकळ उत्तर. चार-पाच वर्षांच्या पोराला बालिश म्हटलं, तर त्याचं वयच त्याचा दोष ठरतं. ‘पोरकट’चंही तेच. तो ‘-कट’ मळकट, तेलकट, कळकट यांतला. लागेल तिथे थोडी नावड चिकटवून जातो.

मुलाला हवा होता तो शब्द ‘बालसुलभ’. इथे ‘सुलभ’ म्हणजे सोपं नव्हे. मूळ अर्थ ‘सहज मिळणारं’. मुलांच्या ठायी सहज आढळतं ते बालसुलभ. त्यात निवाडा नाही, नुसतं निरीक्षण आहे, म्हणून रसग्रहणात तो शोभतो.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण एकच विशेषण हामिदला पुरत नाही. कथा हाताशी घेऊन बघा.

सुरुवातीला त्याला सांगितलेलं असतं की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियांच्या घरून छान छान वस्तू आणायला. दोघंही वारलेत हे त्याला ठाऊक नाही. तो खुशीत आहे. इथला हामिद ‘अजाण’. ‘निरागस’ही चालेल, पण दोन्ही एक नव्हेत. ‘आगस्’ म्हणजे अपराध, म्हणून निरागस म्हणजे ज्याच्या मनात पाप नाही तो. अजाण म्हणजे ज्याला माहीत नाही तो. या प्रसंगात सगळं दुःख त्या माहीत नसण्यात आहे, म्हणून मी ‘अजाण’च लिहीन.

मग ईदची जत्रा. खिशात तीन पैसे. सोबती मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिदही ललचावतो, पण लोखंडी सामानाच्या दुकानापाशी थांबतो, कारण तव्यावरून पोळी काढताना दादीची बोटं भाजतात. दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो, मग पाच. हामिद तिनाला मागतो आणि मिळवतो. इथे ‘बालसुलभ’ लिहिलं तर बाईंनी पुन्हा लाल रेघ मारावी. इथला शब्द ‘पोक्त’. फारसी ‘पुख्ता’वरून आलेला, पुख्ता म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. ‘वयाच्या मानाने पोक्त’ असं आपण घरात सहज म्हणतो, आणि म्हणताना त्या पोराबद्दल जरा वाईटही वाटतं. ‘समंजस’ म्हटलं की ते वाईट वाटणं निसटतं. ‘प्रौढ’ म्हटलं की पोरच दिसेनासं होतं.

आणि लगेच पुढे हाच पोक्त हामिद चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकून अकडत निघतो. सोबत्यांच्या मातीच्या शिपायापेक्षा, भिश्तीपेक्षा (पखालीतून पाणी वाहणाऱ्यापेक्षा) आपला चिमटाच शूर, म्हणून तावातावाने भांडतो. हे मात्र शंभर टक्के बालसुलभ. याच जागी तो शब्द वापरायला सांगा.

शेवटी चिमटा पाहून दादी अमीना आधी रागावते, मग रडू लागते. म्हातारी अमीना लहान मुलगी होते आणि मूल असलेला हामिद म्हातारा, असं प्रेमचंद सुचवतात. तिथे अमीनेला ‘बालिश’ म्हणणं तर फारच क्रूर होईल. मला तिच्यासाठी एकही विशेषण पुरेसं वाटत नाही. ‘लहान मुलीसारखी रडली’ एवढंच साधं वाक्य लिहू द्या.

मुलाचं मूळ वाक्य मी असं करीन: ‘दुकानात पोक्त वाटणारा हामिद सोबत्यांशी भांडताना पुन्हा लहान मूल होतो, आणि तेच मनाला भिडतं.’ उत्तरपत्रिकेत हे लिहायला त्याला दोन ओळी पुरतील.