अमळनेरच्या माडीवर इंटेल की एएमडी?

भाऊ, तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडून घेतो. कॉम्प्युटर ठेवायचा माडीवरच्या खोलीत, वर पत्रे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, तिला कोडिंग आणि पुढे अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाईलचे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर). धाकट्याला व्हॅलोरंट, जीटीए ५ हे गेम. रात्री दुकान वाढवल्यावर कृषी केंद्राचं टॅली. मॉनिटर सोडून साठेक हजार. ग्राफिक्स कार्ड आत्ता नको, पुढे जमलं तर. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर जळगावचा दुकानदार म्हणतो, इंटेलच घ्या, एएमडी तापतं, आपल्या उन्हात टिकत नाही, आणि अँड्रॉइड स्टुडिओ इंटेलवरच चालतो. पुण्याचा भाचा म्हणतो, इंटेलचे प्रोसेसर खराब होताहेत, एएमडीच घ्या.

उत्तर आधी देतो: एएमडीचा रायझन ५ ८६००जी, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड म्हणतो), डीडीआर५ रॅमच्या दोन स्टिक. पण धाकट्याचे गेम बाजूला ठेवले तर माझं मत इंटेलच्या कोअर आय५ १२४०० कडे झुकतं. म्हणजे कंपनीचं नाव हा निर्णयाचा पाया होऊच शकत नाही. कोणत्या पिढीचा, कोणत्या नंबरचा प्रोसेसर आणि तो कोणत्या खोलीत चालणार, हे बघावं लागतं.

दुकानदाराचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. २०११ साली एएमडीनं बुलडोझर मालिका आणली. ती वीज भरपूर खायची, त्या मानानं काम कमी करायची. २०१३ च्या एफएक्स-९५९० ला तर २२० वॅट लागायचे. त्या काळात ज्यांनी मे महिन्यात बंद पडणारे कॉम्प्युटर दुरुस्त केले, त्यांच्या मनात 'एएमडी म्हणजे गरम' हे पक्कं बसलं, आणि ते बरोबरच होतं. मात्र मार्च २०१७ मध्ये रायझन आला आणि चित्र फिरलं. आज सगळ्यात जास्त तापणाऱ्या घरगुती प्रोसेसरांत इंटेलचा आय९ १४९००के येतो. पूर्ण जोर लागला की त्याची मर्यादा २५३ वॅट. तुमच्या बजेटमधले दोन्ही पर्याय या भानगडीपासून लांब आहेत. ८६००जी ६५ वॅटच्या वर्गातला आहे, जोर लागला तर ८८ पर्यंत जातो. आय५ १२४०० सुद्धा मुळात ६५ वॅटचा, थोड्या वेळासाठी ११७ पर्यंत. दोघंही आपल्याकडे सुखानं चालतात.

अँड्रॉइड स्टुडिओचंही तसंच. त्याचा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालणारा नकली मोबाईल, वेगानं चालावा म्हणून पूर्वी विंडोजवर हॅक्सम नावाचा इंटेलचा ड्रायव्हर लागायचा, आणि तो एएमडीवर चालतच नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. २०१८ पासून एम्युलेटर विंडोजच्या स्वतःच्या हायपरव्हायझरवर (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवण्याची सोय) चालू लागला, एएमडीची अडचण तिथेच संपली, आणि २०२३ मध्ये इंटेलनं हॅक्समचं काम बंदच केलं. मुलीला एवढंच सांगून ठेवा: एम्युलेटर सुरू होत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघायचं. एएमडीच्या बोर्डवर ते 'एसव्हीएम' नावानं असतं, इंटेलच्या बोर्डवर 'व्हीटी-एक्स' किंवा नुसतं 'व्हर्च्युअलायझेशन' म्हणून. बऱ्याच बोर्डवर ते बंद असतं आणि दोष प्रोसेसरवर जातो.

आता भाच्याचं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांत, विशेषतः नावात के अक्षर असलेल्या आय७ आणि आय९ मध्ये, खरोखर दोष निघाला. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, त्यानं हळूहळू आतून खराब होत होता, गेम मध्येच बंद पडत होते. इंटेलनं २०२४ च्या जुलैमध्ये हे मान्य केलं, ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. तुमच्या विचारातला १२४०० हा १२व्या पिढीचा, त्यात हा दोष नाही. आणि भाच्याला हेही सांगा की २०२३ च्या एप्रिलमध्ये काही बोर्डांवर रायझन ७००० मधले नावात 'एक्सथ्रीडी' असलेले प्रोसेसर अक्षरशः जळाले होते. तिथेही कारण जास्तीच्या व्होल्टेजचंच होतं, आणि एएमडीला ते १.३ व्होल्टवर बांधून टाकावं लागलं. दोन्ही कंपन्यांकडून चूक झाली, दोन्हींचा इलाज बायोस अपडेट हाच होता. म्हणून नवीन कॉम्प्युटर घरी आणण्याआधी दुकानातच बायोस अपडेट करून घ्या. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड तिथेच बंद पडू शकतो, आणि आपल्याकडे लाईटचा भरवसा तुम्हाला माहीत आहे.

खोलीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे, इंटेल-एएमडी नंतरचा.

यूट्यूबवर जी तापमानं दाखवतात ती साधारण २२-२५ अंशांच्या एसी खोलीतली असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अमळनेर काही वेगळं नाही. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४० अंश सहज असतात. खोली जितके अंश जास्त, जवळपास तितकेच अंश प्रोसेसर जास्त. व्हिडिओत ७० दिसणारा तुमच्याकडे ८५ दाखवेल. घाबरू नका, ८६००जी ची मर्यादा ९५ अंश आहे आणि १२४०० ची १००. मर्यादेला पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, लगेच जळत नाही. पण मग ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळत नाही, आणि सगळ्यात आधी पंख्याचा आवाज वाढतो.

तेव्हा प्रोसेसरच्या डब्यात येणाऱ्या छोट्या पंख्यावर थांबू नका. प्रोसेसरवर उभा बसणारा, १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या. प्रोसेसरला पाण्यानं थंड करणारा लिक्विड कूलर अजिबात नको, या वर्गाच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही आणि पंप गेला तर आपल्या गावात बदलून मिळत नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. पुढे काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट दुकानात छान दिसतात, पण हवा आत जायला जागाच नसते. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर फेकणारा, एवढं पुरतं.

आणि खिडकीतला आपला पाण्याचा कूलर. त्याच्या झोतासमोर कॉम्प्युटर ठेवणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. थंड हवा मिळते म्हणून ठेवतात. पण ती हवा ओलसर असते, आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. भुसावळच्या एका घरातला कॅबिनेट उघडला तेव्हा पोर्टवर आणि स्क्रूंवर पांढरट थर बसला होता, रॅमचे स्लॉट काळे पडले होते. कूलर एका भिंतीला असेल तर कॉम्प्युटर त्याच्या आडव्या बाजूला ठेवा, झोत थेट पडू देऊ नका, आणि समोरची एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.

धूळही आपल्याकडे वेगळीच. काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारी रुई, दोन्ही मिळून हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पात्यांत नमदा बसतो. मार्च लागला की एकदा कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला लेप, बदला.

परत निवडीकडे. ८६००जी का? त्यात रेडिऑन ७६०एम ग्राफिक्स आहे, ते कार्डाशिवाय व्हॅलोरंट फुल एचडीवर आरामात चालवतं आणि जीटीए ५ मध्यम सेटिंगवर. १२४०० मधलं यूएचडी ७३० टॅली, कोडिंग, व्हिडिओ यांना पुरेसं आहे, गेमला नाही. दुसरं कारण बोर्डाचं. ८६००जी चं एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसण्याची जागा) २०२२ मध्ये आलं, २०२४ चे रायझन ९००० त्याच बोर्डवर बसतात, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही हे सॉकेट चालवू असं एएमडीनं जाहीर केलं आहे. १२४०० चं एलजीए १७०० सॉकेट १४व्या पिढीपाशी थांबलं. इंटेलचे नंतरचे कोअर अल्ट्रा २०० दुसऱ्याच सॉकेटवर गेले. मुलीची चार वर्षं याच कॉम्प्युटरवर जाणार असतील तर हा फरक मोठा आहे.

दुकानदार स्वस्तात ८५००जी सुचवेल. नाव जवळचं आहे, पण घेऊ नका. पुढे ग्राफिक्स कार्ड लावलं तर ८५००जी कार्डाला फक्त ४ लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) देतो, ८६००जी ८ देतो. तुम्ही पुढे कार्ड घ्यायचं म्हणता आहात, तेव्हा हे आत्ताच बघा.

रॅम कायम दोन स्टिकमध्ये घ्या. अशा प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅमच वापरतं, आणि १६ जीबीची एकच स्टिक लावणं म्हणजे दोन बैलांच्या वखराला एकच बैल जुंपणं. ८-८ ही खालची हद्द. त्यातली काही ग्राफिक्सकडे जाते, आणि अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर, क्रोम एकत्र उघडले की उरलेली अपुरी पडायला लागते. जमलं तर १६-१६ घ्या, कारण डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या की या बोर्डांवर रॅमचा वेग बराच खाली येतो, म्हणून 'नंतर दोन वाढवू' हा हिशेब इथे नीट बसत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, हे मला ठाऊक आहे. तरी कॅबिनेटचे दिवे आणि एसएसडीची अर्धी जागा कमी करा, पण रॅमवर हात आखडू नका.

बजेट तिथे पोचतच नसेल तर जुन्या एएम४ सॉकेटचा रायझन ५ ५६००जी, डीडीआर४ रॅमवर. गेम १२४०० पेक्षा बरे चालतील, कोडिंगला १२४०० थोडा पुढे राहील. टॅलीला यातला कोणताही पुरतो, त्याचा विचारच करू नका.

इंटेल घेतलात तर शेवटचं अक्षर बघा. १२४००एफ स्वस्त मिळतो, पण एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड न लावता तो घेतला तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एएमडीत ७५००एफ चं तेच. आणि बाजारात 'आय७ कॉम्प्युटर, स्वस्तात' म्हणून जे मिळतात ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पिढीचे असतात. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची ८वी पिढी किंवा रायझन २००० मालिका, किंवा त्यापुढचं लागतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानाचे हिशेब असल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबत फुकट येणारा नको. ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) ५५० वॅटचा, वॉरंटीचा घ्या. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं, तेव्हा पहिला मार यावरच पडतो. आत्ता ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल, कार्ड लावाल तेव्हा १००० च्या वरचा लागेल. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. माडीवरच्या खोल्यांत प्लगला तिसरी वायर आलेलीच नसते असं अनेकदा दिसतं.

घेताना बॉक्स पीसच मागा. ट्रे पीसला, म्हणजे डब्याशिवाय सुट्या मिळणाऱ्या प्रोसेसरला, कंपनीची वॉरंटी मिळत नाही, दुकानदार देईल तीच. डब्यावरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. जळगावात गोलाणी मार्केटला दोन-चार ठिकाणी भाव काढा, पण थोड्या फरकासाठी सुरतेहून आणू नका. बोर्ड बिघडला तर हातात घेऊन जाता येईल असं दुकान जवळ हवं. ८६००जी २०२४ च्या जानेवारीत आला आणि बी६५० चे बोर्ड २०२२ पासूनचे आहेत, त्यामुळे जुन्या साठ्यातला बोर्ड त्याला ओळखणार नाही. पैसे देण्याआधी दुकानातच सुरू करून बायोस नवा आहे हे डोळ्यांनी बघा, आणि तिथेच टीपीएम व सिक्युअर बूट या बायोसमधल्या सुरक्षेच्या सोयी चालू करायला सांगा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला दोन्ही लागतात.