वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातलं माल्टा, शुक्रवार ते सोमवार

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. जानेवारीअखेर शुक्रवारी रात्री माल्टाला पोचून सोमवारी संध्याकाळी परतणार आहोत. मुलं ५ आणि ९ वर्षांची, सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. राजधानी व्हॅलेटा, शेजारचं गोझो बेट, ब्लू ग्रोटोच्या समुद्रगुहा, हायपोजियम एवढं जमेल का? गाडी घ्यावी का?

उत्तर : हायपोजियम आधी यादीतून काढा. हाल सफ्लिएनीच्या या भूमिगत दफनस्थळात तासाला १० जणांनाच सोडतात, कारण श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी छतावरची गेरूची चित्रं खराब होतात. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात, आणि मुख्य म्हणजे ६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. तिथून थोडंसं चाललं की तार्शिएनची प्राचीन मंदिरं लागतात. त्यांच्यावर छत आहे, म्हणजे पावसातही बघता येतात.

बाकीचा बेत वाऱ्यावर ठरवा. पावसाच्या सरी येतात-जातात, पण जोराचा वारा दोन-दोन दिवस हटत नाही आणि खरा घोळ तोच घालतो. ईशान्येच्या वाऱ्याला तिथे ग्रिगाल म्हणतात. तो सुटला की स्लीमा आणि सेंट पॉल्स बेच्या बाजूला लाटा रस्त्यापर्यंत उडतात. वायव्येचा माज्जिस्त्राल गोल्डन बेचा किनारा झोडपतो. ब्लू ग्रोटोच्या होड्या लहान आणि उघड्या, समुद्र थोडा खवळला तरी त्या सुटत नाहीत. हिवाळ्यात तिथे होडीसाठी म्हणून मुद्दाम जाऊ नका. वाटेत आलंच तर वरच्या रस्त्यावरून कमान छान दिसते, तेवढ्यावर भागवा.

गोझोसाठी शनिवार आणि रविवार यांतला कमी वाऱ्याचा दिवस निवडा. शुक्रवारी रात्री अंदाज बघितला की कळेल. सोमवारी मात्र गोझो नको. परतीची फेरीबोट रखडली तर विमान हातचं जाईल. गाड्या वाहून नेणारी मोठी फेरीबोट माल्टाच्या चिर्केव्वा बंदरातून गोझोवरच्या इम्जारला सुमारे २५ मिनिटांत पोचते, आणि ती सहसा चालू असते. तिचं तिकीट जाताना नाही, परत येताना इम्जारला काढायचं. चिर्केव्वाला जायला व्हॅलेटाहून ४१ किंवा ४२ नंबरची बस, पण ती जागोजागी थांबत तासाच्या वर वेळ घेते. व्हॅलेटाहून थेट जाणारी जलद फेरी ४५ मिनिटांची आहे. सासूबाईंना तीच बरी. मात्र वारा वाढला की सगळ्यात आधी तीच रद्द होते, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करा.

गोझोवर बसचं जाळं व्हिक्टोरिया गावाभोवती आहे आणि बसेस साधारण तासाला एक. एक चुकली तर दिवसाचा मोठा तुकडा गेला, कारण जानेवारीअखेर साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणून दोनच ठिकाणं धरा : व्हिक्टोरियाचा किल्ला आणि ज्गांतियाची मंदिरं. ही मंदिरं इसवीसनपूर्व ३६०० च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी. जुन्या माहितीपत्रकांत समुद्रातली ‘अझ्युअर विंडो’ नावाची दगडी कमान अजून झळकते. ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, तिच्यासाठी वाकडी वाट करू नका.

शनिवार-रविवारातला उरलेला दिवस व्हॅलेटाला द्या. सेंट जॉन्स को-कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. म्हणून शनिवारी गोझो केलं तर कॅथीड्रल सोमवारी सकाळी ठेवा. आत इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ मधलं संत योहानाच्या शिरच्छेदाचं प्रचंड चित्र आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. टोकदार टाचांची पादत्राणं चालत नाहीत, कारण पायाखाली नाइट्स या जुन्या ख्रिस्ती सरदारांच्या थडग्यांच्या संगमरवरी शिळा आहेत. शहरातल्या बऱ्याच गल्ल्या उतरत्या पायऱ्यांच्या. बंदराकडून वर यायला ५८ मीटर उंचीची बाराक्का लिफ्ट वापरा, सासूबाईंचे गुडघे वाचतील. दुपारी १२ ला वरच्या बागेच्या कठड्यापाशी हजर राहा, खाली तोफ उडते. लहान मुलं दचकतात, आधी सांगून ठेवा.

गाडी नकोच. रस्त्याच्या डावीकडून चालवायचं असतं, म्हणून भारतात हात बसलेल्यांना मोह होतो. पण व्हॅलेटात गाडी लावायला जागा नाही, आणि पावसात तिथले गुळगुळीत झालेले रस्ते घसरतात.

प्रश्न : पोहायचं असेल तर ऑक्टोबरअखेर जावं की एप्रिलमध्ये?

उत्तर : ऑक्टोबरअखेर. हवा दोन्ही वेळी साधारण सारखी वाटेल, पाणी नाही. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. ऑक्टोबरअखेर पाणी २२-२३ अंशांच्या आसपास असतं, तर एप्रिलमध्ये १६-१७. ऑक्टोबरात मधूनच मुसळधार पाऊस होतो, ते मात्र गृहीत धरा.

प्रश्न : फेब्रुवारीत दिवसा १५-१६ अंश असतात म्हणे. मग लोक घरात थंडी वाजली म्हणून तक्रार का करतात?

उत्तर : घरं चुनखडीच्या दगडाची, उष्णता रोखणारं अस्तर सहसा नसतं आणि जर्मनीसारखे रेडिएटरही नसतात. भिंती रात्रभर गार पडतात, समुद्री हवेने ओल धरतात. अंथरूणही दमट लागतं. घर घेताना विचारा : प्रत्येक झोपायच्या खोलीत गरम हवा देणारा एसी आहे का? नुसत्या दिवाणखान्यात असला तर मुलं कुडकुडतील. विजेचा वेगळा आकार लावतात का, तेही आधीच विचारा. अभिप्राय वाचताना डिसेंबर ते मार्चचेच वाचा, ऑगस्टमधल्या पाहुण्याने दिलेल्या पाच ताऱ्यांचा उपयोग नाही. तळमजला टाळा, दक्षिणेकडे खिडक्या असलेलं घर शोधा. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे लागतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. काय मिळेल?

उत्तर : पास्तिझी : रिकोटा चीज किंवा वाटाणा भरलेली खुसखुशीत, पापुद्र्यांची करंजी. पारंपरिक कणकेत डुकराची चरबी असे, आता बरेच जण मार्गारिन वापरतात, विचारून घ्या. टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि केपर्स घातलेल्या पावात न सांगता ट्यूना मासा येतो, म्हणून मागतानाच ‘ट्यूना नको’ म्हणा. बिजिल्ला ही कडधान्याची लसूण घातलेली चटणी बिनधास्त खा.

प्रश्न : भारतीय पासपोर्ट, पण लंडनमध्ये राहतो. व्हिसा लागेल का?

उत्तर : लागेल. माल्टा शेंगेन या सामायिक व्हिसाच्या युरोपीय गटात आहे आणि ब्रिटनचा निवासी परवाना तिथे चालत नाही. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा असतो. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.