बँजो, एक माईक आणि पाऊस: ब्लूग्रास बैठकीचे प्रश्न

गेल्या अंकात ब्लूग्रासवर लेख होता. अमेरिकेतल्या केंटकीच्या बिल मन्रोने घडवलेलं हे संगीत बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार आणि उभा बास या तारवाद्यांवर चालतं, त्यात ढोल-ताशा काही नसतो. १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजणारा बँजो घेऊन मन्रोच्या चमूत आला आणि या संगीताला आजचा नाद मिळाला. लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून पत्रं आली. ज्यांना खरोखर कार्यक्रम करायचा आहे, त्यांचे प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्याकडे पाच वादक आहेत. गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह घ्यावं, की सोसायटीचा हॉल पुरेल? – वाचक, कोपरी

साठ ते शंभर माणसांचा हॉल घ्या. या वाद्यांचा जीव त्यांच्या मूळ आवाजात आहे. मोठ्या नाट्यगृहात तो आवाज स्पीकरमधूनच शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो आणि मँडोलिनचा लाकडी खटका वाटेत हरवतो.

सोसायटीच्या हॉलची अडचण म्हणजे टाइल्स आणि काचेच्या खिडक्या. रिकाम्या हॉलच्या मध्यभागी उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. मागून झणझण ऐकू आली, तर बँजोचे जलद सूर एकमेकांत मिसळून नुसता कलकलाट होईल. खिडक्यांवर जाड पडदे सोडा, वादकांच्या मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगा, जमिनीवर सतरंज्या अंथरा. माणसं बसली की आवाज आणखी सुका होतो, त्यामुळे दुपारच्या चाचणीत थोडा घुमारा उरला तरी चालेल. माईकच्या वर छताला असलेले पंखे बंदच ठेवा, त्यांची घरघर माईक आधी उचलतो. म्हणून एप्रिल-मे टाळून डिसेंबर ते फेब्रुवारीतली संध्याकाळ धरा.

एकाच माईकवर सगळे गातात-वाजवतात ते कसं जमतं? आमचा साउंडवाला म्हणतो, शिट्टी मारेल. – वाचिका, ऐरोली

त्याची भीती रास्त आहे. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून फिरत राहिला की शिट्टी वाजते. तो नेहमीसारखी मांडणी करेल तर माईक शिट्टी मारेलच.

माईक मोठ्या पडद्याचा कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा प्रकार) हवा, समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं टाळणारा, म्हणजे कार्डिऑइड. त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. मिक्सरवर ते बटण आहे का, हे भाड्याने घेतानाच विचारा. माईकचं तोंड वादकांकडे आणि पाठ श्रोत्यांकडे ठेवा. उंची गाणाऱ्याच्या हनुवटीच्या जरा खाली, साधारण सव्वा ते दीड मीटर. दोन्ही स्पीकर माईकच्या रेषेपासून निदान दोन मीटर पुढे, श्रोत्यांच्या बाजूला. तिथे माईकची बहिरी बाजू असते. वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्या पायाशी ठेवतात तो स्पीकर, म्हणजे मॉनिटर, अजिबात नको. बहुतेक वेळा शिट्टी तिथूनच सुरू होते. प्रतिध्वनीचा इफेक्टही नको आणि ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापून टाका, म्हणजे पायांची धपधप जाईल.

पुढचं काम साउंडवाल्याचं नाही, वादकांचं आहे. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे आवाजाचं बटण तुमच्या पायांत आहे. गाणारा अर्ध्या मीटरवर उभा राहतो. बँजो सगळ्यांत खणखणीत, त्याने एक ते दीड मीटर मागे राहावं आणि वाद्याचं तोंड किंचित बाजूला वळवावं. गिटार सगळ्यांत मवाळ, तिच्या एकट्या वादनात तिला वीत-दीड वीत अंतरावर यावंच लागतं. बासवाला मधोमध मागे. गाण्याची ओळ संपायच्या आधीच पुढचा एकल वादक उजवीकडून आत सरकतो आणि गाणारा डावीकडे बाहेर जातो. दिशा एकदा ठरली की बदलायची नाही, नाहीतर मँडोलिनचं डोकं फिडलच्या गजावर आपटतं. घरी माईकच्या जागी केरसुणीचा दांडा उभा करून हे निदान आठ-दहा वेळा चालून बघा.

तालवाद्य नाही, मग ठेका कोण धरतो? बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मँडोलिनचा दाबून तोडलेला खटका दुसऱ्या आणि चौथ्यावर. मँडोलिनवाला एकल वाजवायला पुढे आला की तो खटका थांबतो आणि नवख्या चमूची लय नेमकी तिथेच धावते. तेवढ्या वेळात गिटारने दुसरी-चौथी मात्रा ठसवायची हे आधी बोलून ठेवा. दूर उभं राहिल्याने एकमेकांचं ऐकू येत नाही आणि मग मॉनिटर मागितला जातो. उपाय एकच: जवळ उभे राहा.

विसर्जनाच्या मिरवणुकीत बँजो पार्टी असते, तोच हा बँजो का? त्यातला वादक आमच्यात घेता येईल? – वाचक, दिवाळे कोळीवाडा, बेलापूर

वाद्यं वेगळी आहेत. मिरवणुकीतला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं कूळ जपानी ताइशोगोतोशी जुळतं आणि पट्ट्या दाबून त्यावर सूर काढतात. ब्लूग्रासचा बँजो पाच तारांचा, चामड्यासारखा पडदा ताणलेला, आणि त्याचे पूर्वज गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर अमेरिकेत गेले. तीन बोटांची अखंड गुंफण बुलबुल तरंगवर होत नाही, मात्र मुख्य चाल उत्तम वाजते. वादकाला जरूर घ्या, फक्त त्याचा अँप्लिफायर बोलण्याच्या आवाजापेक्षा वर जाऊ देऊ नका.

सूर असे जुळतात: बँजो मोकळ्या तारांवर हार्मोनियमच्या पांढरी पाचमध्ये वाजतो. मानेवरच्या दुसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच, चौथ्यावर पांढरी सात. आखूड पाचव्या तारेला हा कॅपो लागत नाही. ती तार पाचव्या पट्टीपासून सुरू होते, म्हणून कॅपो दुसऱ्या पट्टीवर असेल तर तिला सातव्या पट्टीच्या खिळ्याखाली अडकवावं लागतं, चौथ्यावर असेल तर नवव्या. हे विसरलं की अख्खं गाणं कणसूर वाटतं. गाण्यांचा क्रम स्वराप्रमाणे लावा, पांढरी पाचची गाणी एकत्र, पांढरी सहाची एकत्र, म्हणजे श्रोत्यांसमोर जुळवाजुळव कमी होईल.

आपल्या व्हायोलिनवाल्यांसाठी एक आनंदाची गोष्ट. अमेरिकी डोंगराळ भागातले जुने फिडलवादक पांढरी सहाच्या चालींसाठी खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवतात. जी जुळणी होते ती तंतोतंत सा-प-सा-प. तार हळूहळू चढवा, घाई केली तर तुटते.

पावसाळ्यात वाद्यं नीट राहतील? – वाचक, घोडबंदर रोड

लाकडी वाद्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैत ती ८०च्या वर सहज जाते. गिटारची वरची फळी फुगते, तारा पट्ट्यांपासून उंच होतात आणि बोटं दुखतात. बँजोचा प्लास्टिकचा पडदा बहुधा टिकतो, खऱ्या कातड्याचा मात्र सैल पडतो. बँजोचा ब्रिज चिकटवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबावर उभा असतो आणि प्रवासात सरकतो. बाराव्या पट्टीवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) जुळतो का ते बघा. दाबलेला चढा असेल, तर ब्रिज शेपटीकडे ढकला, उतरा असेल तर मानेकडे.

पेटीत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. हॉलवर तासभर आधी पोहोचा, पेटी उघडी ठेवा आणि जुळवणी शेवटच्या वीस मिनिटांत करा. एसी गाडीतून उतरल्या-उतरल्या जुळवलेली वाद्यं पहिल्या गाण्यातच उतरतात. उभा बास सहा फुटांच्या आसपास असतो. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तो नेऊ नका, टेम्पो करा.

परवानग्या? – वाचक, नेरूळ

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, बंदिस्त सभागृहाला यात सूट आहे. पण गच्चीवर किंवा मोकळ्या आवारात कार्यक्रम असेल तर साडेनऊलाच आवरा, आणि पोलीस ठाण्याची व सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्या. पारंपरिक चालींना हक्काची अडचण नाही. भारतात स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मन्रो १९९६मध्ये गेला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रचना २०५६ संपेपर्यंत हक्कात आहेत. त्या जाहीर कार्यक्रमात वाजवायच्या असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडून परवाना घ्या. गाण्यांची यादी निदान महिनाभर आधी पक्की करा.