अमेरिकेत हनुक्काच्या मेणबत्त्या कुठे मिळतात? दुकानांत तर सगळीकडे ख्रिसमसच!

शेजारच्या ज्यू आजींचा गुडघा दुखावलाय, त्यांनी हनुक्काच्या, म्हणजे ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाच्या, मेणबत्त्या आणायला सांगितल्यात आणि चार दुकानं पालथी घालूनही लाल-हिरव्या माळांशिवाय काही दिसलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून हसू आलं. दर वर्षी माझीही हीच पायपीट असते. मी मूळची ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी; आता ओहायोतल्या एका लहान गावात राहते.

ख्रिसमसच्या रांगेत शोधूच नका. तिथे असलाच तर हनुक्काच्या निळ्या-पांढऱ्या वस्तूंचा हातभर कोपरा असतो, आणि त्यातलं निम्मं म्हणजे नुसती बर्फाची नक्षी. सरळ किराण्याकडे वळा. मात्झा (बिनखमिराची कडक पोळी), द्राक्षाचा रस, बरणीतली मासळी ठेवलेलं कोशर, म्हणजे ज्यूंना चालणाऱ्या खाण्याचं, फडताळ शोधा आणि खालच्या कप्प्यात वाकून बघा. दुकानातल्या पोराला विचारलंत तर तो हमखास मात्झाचा खोका काढून देईल. मात्झा वल्हांडणाला, म्हणजे आमच्या पासओव्हरच्या सणाला खायचा, मार्च-एप्रिलात. दिवाळीच्या फराळाशेजारी होळीचे रंग मांडावेत, तसं आहे ते. त्या बिचाऱ्याला काय बोलायचं म्हणा, 2007 साली न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाने ज्यूंना वर्ज्य असलेल्या डुकराच्या मांसावर 'हनुक्कासाठी स्वादिष्ट' अशी पाटी लावली होती!

त्याच फडताळावर काचेच्या पेल्यातली पांढरी मेणबत्ती बारा महिने मिळते. ती तेवढी आजींकडे नेऊ नका. गेलेल्या माणसाच्या वर्षदिनाला ती लावतात, साधारण चोवीस तास जळते. ऑफिसातल्या एका बाईंनी मला हनुक्काची भेट म्हणून मोठ्या प्रेमाने अशा दोन आणून दिल्या होत्या. तेव्हा माझे आई-वडील दोघंही हयात होते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ठेव जपून. दोनच आहेत ना? पुरतील."

तुम्हाला हव्यात त्या करंगळीहून बारीक, रंगीत किंवा निळ्या-पांढऱ्या, आणि खोक्यावर 44 आकडा असतो. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, अशा आठ रात्रींच्या 36. शिवाय बाकीच्या पेटवायला रोज एक वेगळी, तिला शमाश म्हणतात, त्या 8. एक खोका पुरतो. मात्र आजींच्या स्टँडची भोकं केवढी आहेत ते आधी विचारा, काही स्टँडना जाड मेणबत्त्या लागतात. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांवर भागवायचा मोह होईल, पण अंधार पडल्यावर निदान अर्धा तास ज्योत टिकायला हवी, आणि त्या तर केक कापेपर्यंतच टिकतात. स्टँडही घ्यायचा असेल तर मेणबत्त्यांची भोकं मोजून घ्या. सात असली तर तो हनुक्काचा नव्हे, नऊ हवीत.

तारीखही बघून ठेवा. आमचं पंचांगही चंद्रावर चालतं आणि 19 वर्षांत 7 वेळा अधिक महिना घेतं, त्यामुळे हनुक्का दिवाळीसारखाच मागे-पुढे होतो. 2021 मध्ये तो 28 नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला, 2024 मध्ये थेट 25 डिसेंबरच्या. त्या वर्षी ख्रिसमसचा उरलेला माल निम्म्या किमतीत काढला, त्यात हनुक्काचा मालही गेला, आणि आमच्या सात रात्री अजून बाकी होत्या. 2026 मध्ये पहिली मेणबत्ती 4 डिसेंबरला. ऑनलाइन मागवणार असाल तर स्पेलिंग 'एच'ने आणि 'सीएच'ने, दोन्ही टाकून बघा.

जवळ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, असेल तर तिथे फोन करा, बऱ्याच ठिकाणी लहानसं दुकान असतं. छाबड या ज्यू धार्मिक संस्थेचं केंद्र, छाबड हाउस, असेल (मुंबईत कुलाब्याला आहे तसंच) तर तिथे पत्र्याचा स्टँड आणि मेणबत्त्या बहुतेक वेळा फुकटही देतात.

आणि काहीच मिळालं नाही तर इंडियन ग्रोसरी. हे मी गमतीने म्हणत नाहीये. एका वर्षी बर्फामुळे माझं पार्सल अडकलं, तेव्हा दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या तिथून आणल्या. आठ एका ओळीत, नववी उपड्या वाटीवर, म्हणजे शमाश जरा उंच. कापसाच्या वाती, ऑलिव्हचं तेल. जेरुसलेमच्या मंदिरात एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, त्याचाच हा सण, तेव्हा तेलाचा दिवा मेणबत्तीहून सरसच. शिवाय आम्ही कोकणातले शनवार तेली, शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे. गंमत म्हणजे आमच्या जुन्या सणांत नव्याचा सण होता, खिरीचा सण होता, हनुक्का नव्हताच; तो आमच्याकडे पुष्कळ उशिरा आला. मुलांना इतक्या आवडल्या त्या पणत्या की पुढच्या वर्षी पार्सल वेळेवर आलं तरी खोका तसाच राहिला.

आजींकडे संध्याकाळ व्हायच्या आत पोचा, आणि शुक्रवार असेल तर आणखी लवकर, कारण त्या दिवशी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो आणि हे दिवे त्याच्या आधी लागतात. त्यांनी थांबायला सांगितलं तर थांबा. दिवे जळत असताना त्यांच्या उजेडात काही काम करायचं नसतं. गुडघ्यामुळे लाटके, म्हणजे बटाट्याच्या किसाच्या टिक्क्या, तळायला मात्र बहुतेक तुम्हालाच उभं करतील. बटाटा किसून घट्ट पिळून घ्या, नाहीतर तेल उडतं.